फटकळ नायिका, मुका ड्यूक: रीजन्सी प्रेमकथा लिहिताना या चुका टाळा

पहिल्या प्रकरणात ती त्याच्या कोटावर सरबत सांडते. दुसऱ्यात त्याला 'गर्विष्ठ' म्हणते. तिसऱ्यात तो ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघत उभा राहतो आणि पंधराव्या प्रकरणापर्यंत तिथून हलत नाही. इंग्लंडच्या रीजन्सी काळावर (१८११ ते १८२०, राजा आजारी म्हणून कारभार युवराजाकडे होता तो काळ) बेतलेल्या ज्या मराठी कथा माझ्याकडे वाचायला येतात, त्यातल्या बऱ्याच इथेच रुततात. लेखक म्हणतात, 'दोघांची केमिस्ट्री जमत नाहीये.' मग आणखी एक भांडण घालतात, आणखी एक पाऊस पाडतात.

आधी तिच्याकडे बघू. उलट उत्तरं देणारी मुलगी तडफदार वाटते, पण त्या उत्तरांनी तिचं काहीच बिघडत नसेल तर ती नुसती फटकळ राहते. त्या काळच्या कायद्याने लग्न होताच बाईचा पैसाअडका नवऱ्याचा होत असे. हे खऱ्या अर्थाने बदललं १८८२च्या कायद्याने. १८५७ पर्यंत पुन्हा लग्न करण्याची मुभा देणारा घटस्फोट हवा असेल तर संसदेत स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. म्हणजे चुकीच्या माणसाला 'हो' म्हणणं ही जन्मठेप. आणि 'नाही' म्हणावं, तर धाकट्या बहिणी लग्नाच्या आहेत, वडिलांमागे घर चुलतभावाकडे जाणार आहे. या कात्रीत सापडलेली मुलगी ड्यूकला, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या उमरावाला नकार देते, तेव्हा तिला आवाज चढवावा लागत नाही. माझा सल्ला असा: तिला दहा नियम मोडायला लावू नका. एकच मोडू द्या, आणि त्याची किंमत पुढची पाच प्रकरणं चुकवू द्या.

कुठला नियम? पत्राचा घ्या. वाङ्‌निश्चय झाल्याशिवाय तरुण-तरुणींनी एकमेकांना पत्र लिहिणं शिष्टसंमत नव्हतं. नव्या लेखकांची नायिका मात्र उशीखाली गुपचूप पत्रं ठेवते. पत्रं आली कशी? १८४० च्या आधी टपालाचा खर्च सहसा पत्र घेणारा देई, म्हणजे पैसे मोजणार तिचे वडील. ड्यूकच्या पत्राला तेही लागत नसत, कारण उमरावांना टपाल माफ होतं. पण त्या माफीसाठी त्याने पत्ता स्वतःच्या हाताने लिहून बाहेरच्या बाजूला सही करायची असे! मनातलं कुणाला कळू न देणारा माणूस, आणि त्याचं नाव लिफाफ्यावर अख्ख्या घराला दिसतंय. (लिफाफा म्हणजे घडी घातलेला तोच कागद. वेगळी पाकिटं नंतर रुळली.) एवढ्या एका गोष्टीवर तीन प्रकरणं निघतात. पाऊस पाडायची गरज नाही.

आता तो. मिटलेला माणूस म्हणजे न बोलणारा, तिरसट, नायिकेचं मनगट आवळणारा असा समज कुठून आला देव जाणे. मनगट आवळणारा मिटलेला नसतो, आडदांड असतो. आणि कारण म्हणून 'त्याचं बालपण दुःखी होतं' हे एक वाक्य पुरत नाही. त्या काळातला सर्वांत गाजलेला ड्यूक आपल्याकडे येऊन गेलेला आहे. जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तो आर्थर वेलस्ली १८१४ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. तरुणपणी तो व्हायोलिन वाजवायचा. किटी पॅकेनहॅम या मुलीला मागणी घातली, तर तिच्या घरच्यांनी हा कफल्लक म्हणून नकार दिला. त्याच सुमारास त्याने व्हायोलिनं जाळून टाकली, असं सांगतात. पुढे हिंदुस्थानातून नाव कमावून परतल्यावर १८०६ मध्ये त्याने तिच्याशीच लग्न केलं. संसार काही सुखाचा झाला नाही, पण तो भाग आपल्या कामाचा नाही. कामाचं आहे ते व्हायोलिन. तुमच्या ड्यूकने काय जाळलं, ते ठरलंय का? ठरलं नसेल तर तो खिडकीतच उभा राहणार. ठरलं असेल तर त्याला बोलायला लावण्याची घाई नको. दुसऱ्या खोलीत कुणी वाद्य छेडलं की तो उठून जातो, एवढंच दाखवा. नायिका हुशार आहे ना, तिच्या लक्षात येईल.

किरकोळ चुका भराभर सांगते. 'ड्यूक जेम्स' असं नाव इंग्लंडमध्ये चालत नाही. तो 'ड्यूक ऑफ अमुक' असतो, आणि मित्रसुद्धा त्याला त्या अमुक नावानेच हाक मारतात. आगकाडी विकायला आली १८२७ मध्ये (माझ्या पहिल्याच कथेत नायकाने ती १८१३ साली ओढली होती). प्रवाशांनी भरलेली आगगाडी, दुपारच्या चहाचा थाट, घेरदार क्रिनोलिन (सांगाड्यावर फुलवलेला घागरा) हे सगळं रीजन्सीनंतरचं. पळून जाऊन लग्न करायचं तर स्कॉटलंडमधलं ग्रेटना ग्रीन (पालकांच्या संमतीशिवाय लग्न लागे ते गाव) लंडनहून तीनशे मैलांच्या वर, तेव्हा रात्री निघून पहाटे पोचवू नका.

भाषेत मात्र दोन खड्डे खास आपले आहेत. ड्यूकला म्हणायच्या 'युवर ग्रेस'चं 'सरकार' किंवा 'हुजूर' केलं की लंडनचा दिवाणखाना थेट एखाद्या संस्थानात जातो, आणि लग्नानंतर तिने 'अहो' म्हटलं की सदाशिव पेठेत. 'युवर ग्रेस' तसंच राहू द्या, खटकत नाही. दुसरा खड्डा 'तू'चा. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. आपल्याकडे 'आपण', 'तुम्ही', 'तू' अशा तीन पायऱ्या आहेत, आणि मिटलेल्या माणसाला एकेक उतरवायला याहून चांगला जिना नाही. त्यामुळे कथा अडली की मी आधी एकच गोष्ट शोधते: तो तिला पहिल्यांदा 'तू' कुठल्या पानावर म्हणतो. परवाच्या कथेत ते चौथं पान निघालं. सरबत अजून त्याच्या कोटावर वाळलंही नव्हतं.