घरातील ज्येष्ठांकडून वाकळ शिवायला कसे शिकावे

गोव्यातील पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांतील अनेक घरांत जुन्या सुती साड्यांची वाकळ, म्हणजे गोधडी, अजून वापरात असली, तरी ती शिवू शकणारे हात बहुधा आजीचे किंवा थोरल्या मावशीचेच उरले आहेत. ही कला नुसती विचारून कळत नाही, कारण जिने आयुष्यभर वाकळी शिवल्या तिला टाक्याचे माप शब्दांत सांगता येतेच असे नाही. म्हणून तिच्या शेजारी बसून, एकाच कापडावर तिच्याबरोबर शिवत शिकावे.

सुरुवात मोठ्या वाकळीने करू नये. बाळाचे दुपटे, म्हणजे साधारण ३६ इंच लांब व तेवढेच रुंद, पुरेसे असते. आतल्या थरांसाठी मऊ झालेली जुनी सुती साडी घ्यावी. वरच्या तुकड्यांसाठी शिंप्याकडील कातरण किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणारे सुती तुकडे चालतात. कापड सुती आहे की नाही अशी शंका असल्यास त्याचा एक धागा जपून पेटवून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, तर पॉलिएस्टरचा धागा वितळून त्याची कडक गुठळी बनते. नवे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि लाल रंग अनेकदा सुटतो, म्हणून सर्व तुकडे मे महिन्याच्या उन्हातच धुऊन वाळवून ठेवावेत आणि शिवणाचे काम पावसाळी दुपारींसाठी राखावे.

साडीचे तीन थर जमिनीवर ताणून पसरावेत व सर्वत्र हातभर अंतरावर कच्चे टाके घालावेत. घाई इथेच नडते, कारण थर सरकले की पुढे कितीही नेटके शिवले तरी चुण्या पडतात. तयार चौकोन ६ इंचांचा हवा असल्यास तो ७ इंचांचा कापावा, म्हणजे चारही बाजूंनी अर्धा इंच आत दुमडता येतो. या थरांवर शेजारी शेजारी मांडायला असे ३६ चौकोन लागतील. आजी मात्र बहुधा वितीने आणि बोटांनी मापते; तिची वीत आपल्या वितीएवढी नसते, म्हणून ती एकदा टेपने मोजून वहीत लिहून ठेवावी.

यानंतर खरा धडा धावदोऱ्याचा. दोरा हातभरच घ्यावा, कारण लांब दोरा गुंततो. तो मेणावरून ओढल्यास अधिक सरळ चालतो. एक ओळ आजीने घालावी आणि तिच्याच बाजूची, बोटभर अंतरावरची ओळ आपण घालावी. दोन्ही ओळी डोळ्यांसमोर असल्या की टाका कुठे लांबला ते सांगावे लागत नाही. तिने शिकणाऱ्याची ओळ उसवली तर उसवू द्यावी, आणि ती कशी उसवते तेही पाहावे. साडीचे तीन आणि वरच्या चौकोनांचा एक अशा चार थरांतून सुई ढकलायची असल्याने मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, हवेच. ज्येष्ठांना सुईत दोरा ओवणे अवघड जाते, म्हणून सोप्यावरच्या उजेडात आठ-दहा सुया आधीच ओवून ठेवाव्यात. त्यामुळे तिचे काम न थांबता चालते आणि आपल्याला हाताची लय सलग पाहता येते.

शिवण काठापासून सुरू करायचे की मधून, याबाबत घरोघरी वेगळे मत आढळते. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर परिसरात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रिया आपली कवंदी, म्हणजे तुकड्यांची गोधडी, काठाकडून आत शिवत नेतात आणि तिच्या कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुले लावतात. त्या समाजाच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीज काळात गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले होते. नवशिक्याला मात्र मधून बाहेर शिवणे सोयीचे वाटते, कारण कापडातील सैलपणा काठाकडे सरकवता येतो. तरीही पहिले दुपटे घरच्याच पद्धतीने शिवावे. स्वतःचे प्रयोग दुसऱ्या दुपट्यावर करावेत.

शेवटी चारही काठ दुमडून दुहेरी दोऱ्याने पक्के करावेत, गाठी आतल्या थरात दडवाव्यात आणि मगच कच्चे टाके काढावेत. पहिले धुणे गार पाण्यात, इतर कपड्यांपासून वेगळे करावे. ओले दुपटे बरेच जड होते, म्हणून ते एकाच दोरीवर न टांगता दोन दोऱ्यांवर पसरून वाळवावे.