एकच २४ इंची टीव्ही, दिवसा मॉनिटर आणि संध्याकाळी सिरीयल: कसं जमवायचं

आमचं घर डोंबिवलीत, वन रूम किचन, त्यामुळे टीव्ही वेगळा आणि कॉम्प्युटरचा मॉनिटर वेगळा हा विषय पहिल्याच दिवशी कटाप. २४ इंची साधा एलईडी टीव्ही घेतला, खोक्यावर एचडी रेडी लिहिलेला, दिवसभर मी त्यावर टॅलीत हिशोब लिहिते आणि साडेसातला तो सासूबाईंच्या ताब्यात जातो. आता मस्त चाललंय पण पहिले दोन आठवडे अक्षरशः रडकुंडीला आले होते, अक्षरं अशी फुगलेली दिसायची की इंग्रजीतला तीन कुठला आणि आठ कुठला तेच कळेना, एका बिलात तीनाच्या जागी आठ मारून बसले आणि तो फरक शोधण्यात अख्खा रविवार गेला. दुकानात फोन केला तर, ताई या रेंजमध्ये पॅनल असंच येतं. असंच बिसंच काही नसतं हो. पॅनल ठीक होता, सेटिंग गंडलेलं होतं.

आधी हे बघा की चित्राच्या कडा कापल्या जातायत का. विंडोजचा टास्कबार खाली अर्धाच दिसतोय, कोपऱ्यातलं घड्याळ गायब, असं असेल तर ते ओव्हरस्कॅन. जुन्या डबा टीव्हीत काचेच्या कडेचा भाग फ्रेमखाली जायचा म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं करून दाखवायचे, ती सवय या चपट्या टीव्हींना अजून आहे. सिरीयलमध्ये ते कळतही नाही, पण कॉम्प्युटरचं चित्र ताणलं की प्रत्येक अक्षराची कड फिस्कटते. रिमोटवर पिक्चर साईझ किंवा ॲस्पेक्ट शोधा आणि तिथे जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट, डॉट बाय डॉट असलं जे काही असेल ते लावा, प्रत्येक कंपनीने वेगळं बारसं केलंय. १६:९ लावलं म्हणजे झालं असं समजू नका, मी तिथेच फसले होते.

मग रेझोल्यूशन, म्हणजे चित्रात आडवे आणि उभे ठिपके किती, आणि खरी गोम इथेच आहे. एचडी रेडी म्हणजे बहुतेक वेळा पॅनलवर १३६६ × ७६८ ठिपके. टीव्ही १०८० चं, म्हणजे १९२० × १०८० चं, सिग्नल आनंदाने घेतो आणि विंडोजही तेच लावून मोकळं होतं, पण दाखवायला ठिपके तेवढे नाहीतच, मग टीव्ही ते दाबून बसवतो आणि अक्षरांच्या बारीक रेघा अर्ध्या खाल्ल्या जातात. मराठी मजकुरात तर हे लगेच कळतं, द्ध, द्व आणि द्य तिन्ही एकसारखे दिसायला लागतात आणि अनुस्वार उडतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये १३६६ × ७६८ दिसलं तर तेच निवडा, पण बऱ्याचदा १३६० × ७६८ दिसेल. ते चुकीचं नाही, १३६६ ला ८ ने भाग जात नाही म्हणून जुन्या पद्धतीत आकडा १३६० वर आणायचे, ६ ठिपके गेले तर गेले. एचडीएमआयवर, म्हणजे आजकालच्या नेहमीच्या चपट्या पिनच्या वायरवर, ही दोन्ही मिळाली नाहीत आणि टीव्हीच्या मागे निळं व्हीजीए पोर्ट असेल तर त्याला म्हातारं म्हणून हिणवू नका, माझा टीव्ही १३६० फक्त त्यावरच घेतो आणि तिथे अक्षर एकदम स्वच्छ. व्हीजीएवर मेनूमधलं ऑटो ॲडजस्ट एकदा दाबायचं, ते दाबताना स्क्रीनवर भरपूर अक्षरं असलेलं पान उघडं ठेवा, कोरा डेस्कटॉप असला की त्याला नीट जमत नाही. आवाज मात्र व्हीजीएतून येत नाही, त्याला साडेतीन एमएमची वेगळी वायर लागते.

एचडीएमआयवरच राहायचं असेल तर इनपुटचं नाव बदलून बघा. काही टीव्हींमध्ये एचडीएमआय १ चं नाव पीसी ठेवलं की टीव्ही स्वतःची चित्र सुधारायची मशिनरी बंद करतो. नाव बदलून चित्र सुधारतं हे मला आधी ज्योतिषासारखं वाटलं होतं! पेंटमध्ये काळ्यावर लाल रंगात बारीक अक्षरं लिहून बघा, कडा शेंदूर सांडल्यासारख्या दिसल्या तर टीव्ही रंगाची माहिती अर्धवट वापरतोय, नाव बदला आणि पुन्हा बघा.

आता पिक्चर मोड. शार्पनेस पार खाली, बऱ्याच टीव्हींवर शून्य. ऐकायला उलटं वाटेल पण टीव्हीचा शार्पनेस म्हणजे अक्षराभोवती पांढरी किनार काढणं, त्यानेच माझे तीनाचे आठ होत होते. डोळे दुखतात म्हणून ब्राइटनेस कमी करू नका, बहुतेक टीव्हींमध्ये तो फक्त काळ्या भागाची गडदता बदलतो, मागचा दिवा कमी करायला बॅकलाईट नावाचं वेगळं सेटिंग असतं, ते अर्ध्यावर आणा. काळा राखाडी दिसत असेल किंवा गडद भागातलं काहीच दिसत नसेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये फुल आणि लिमिटेड असं काहीतरी असतं, टीव्हीत त्याला ब्लॅक लेव्हल म्हणतात, दोन्हीकडे एकच हवं. माऊस हातामागून रांगतोय असं वाटलं तर गेम मोड लावा, गेम खेळत नसलात तरी. बहुतेक टीव्ही प्रत्येक इनपुटचं सेटिंग वेगळं लक्षात ठेवतात म्हणून सेट टॉप बॉक्सचे भडक रंग तसेच राहतात आणि घरात भांडण होत नाही.

अंतराचं सांगायचं तर २४ इंचात १३६६ म्हणजे एका इंचात साधारण ६५ ठिपके, ३२ इंचात तेच ४९ वर येतात, आणि २४ इंची फुल एचडी मॉनिटरला ९२ च्या आसपास मिळतात. म्हणून मोठा तो बरा हा हिशोब इथे उलटा पडतो. माझ्याकडे टीव्ही भिंतीला आणि टेबल त्याच्यापासून सरकवून, डोळ्यापासून साधारण तीन फूट, त्याहून जवळ बसलं की अक्षर सोडून ठिपकेच मोजत बसतो माणूस.

टीव्ही मॉनिटरसारखा गपचूप झोपत नाही. कॉम्प्युटर स्लीपला गेला की हा नो सिग्नल म्हणून बोंबलतो, थोड्या वेळाने स्वतः बंद होतो, मग उठवायला रिमोट शोधा. काही टीव्ही बंद केला की विंडोजला वाटतं स्क्रीनच काढली आणि उघड्या खिडक्या इकडे तिकडे होतात, त्याची सवय करा. आणि सोर्स बदलायच्या आधी फाईल सेव्ह.

पुसायला फक्त कोरडं मऊ मायक्रोफायबर कापड, फारच डाग असेल तर कापड किंचित ओलसर, काच पुसायचा निळा स्प्रे अजिबात नको, ही काच नसून प्लॅस्टिकचा थर आहे आणि त्यावरचं कोटिंग जातं. कापड दाबूही नका. पावसाळ्यात वीज कडकडायला लागली की प्लगसोबत डिशची वायरही काढा, आमच्या खालच्या मजल्यावर प्लग काढूनही एचडीएमआय पोर्ट गेलं होतं.

नवीन घेणार असाल आणि काम अक्षरांचंच असेल तर २४ इंची फुल एचडी मॉनिटर घ्या आणि त्यालाच एचडीएमआयवाला सेट टॉप बॉक्स जोडा, फक्त मॉनिटरला स्पीकर आहे का ते आधी विचारा. जुन्या बॉक्सची लाल पिवळी पांढरी वायर त्यात लागत नाही हे दुकानात कोणी सांगत नाही. टीव्हीच घ्यायचा तर आपला लॅपटॉप पिशवीत घालून घेऊन जा आणि जोडून एक्सेलची शीट उघडून बघा, दुकानातला मोराचा व्हिडिओ कुठल्याही पॅनलवर सुंदरच दिसतो.

रिमोटवरच्या सोर्सच्या बटणाला मी सासूबाईंची लाल टिकली लावलीय. टिकली एकदा दाबली की बॉक्स, परत दाबली की माझं ऑफिस. साडेसातला त्या आधी विचारतात, "सेव्ह केलंस का गं?" आणि मगच दाबतात.