फिनलंडमध्ये पहिल्यांदा गल्लीतल्या सॉनाला जाताय? या चुका टाळा

हेलसिंकीत आल्यावर ऑफिसमधल्या लोकांनी सॉनाला चल म्हटलं तेव्हा मी मनात म्हटलं, पुण्यात जिममध्ये स्टीम घ्यायचोच की, त्यात काय शिकायचंय. पहिल्याच संध्याकाळी कळलं की माझ्या जवळपास सगळ्या चुका त्या जिमच्या सवयीमुळेच झाल्या.

आधी फरक सांगतो. स्टीम रूममध्ये तापमान चाळीस-पंचेचाळीस डिग्री पण हवा ओलीगच्च. सॉनात ८०-९० डिग्री, पण हवा बरीच कोरडी, घाम भराभर उडतो म्हणून माणूस टिकतो. मग कोणीतरी तापलेल्या दगडांवर पाणी टाकतं, ती वाफ अंगावर येऊन बसते आणि तिथे खरी मजा (किंवा पळापळ) सुरू होते. ती वाफ म्हणजे लोयलू, आणि दगडांची भट्टी म्हणजे किउआस.

पहिली चूक, चड्डी घालून आत जाणं. हेलसिंकीच्या कालिओ भागातला कोतीहारयू सॉना १९२८ पासूनचा, लाकडावर तापणारा, किंवा ताम्पेरे शहरातला रायापोर्ती, तो तर १९०६ चा. अशा जुन्या ठिकाणी बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, आणि आत सगळे उघडेच. लाज वाटणारच, मला वाटली, पण खरं सांगू, कोणी ढुंकून बघत नाही, उलट चड्डीवालाच उठून दिसतो. नाहीच जमलं तर पंचा गुंडाळा. मात्र समुद्रकाठच्या नव्या सॉनात बायका-पुरुष एकत्र असतात तिथे स्विमसूट लागतोच, त्यामुळे जायच्या आधी नियम वाचून जा.

दुसरी, आंघोळ न करता आत शिरणं. जिममध्ये आपण घामट अंगाने थेट स्टीममध्ये जातो ना, इथे ते अजिबात नाही. पूर्वी इथल्या बऱ्याच घरांत न्हाणीघरच नव्हतं, लोक आठवड्याची आंघोळ करायला गल्लीतल्या सॉनात यायचे, म्हणजे मुळात हे न्हाणीघरच आहे. आधी शॉवर, मगच आत, आणि फळीवर बसताना खाली छोटा टॉवेल टाकायचा. उघड्या अंगाने थेट लाकडावर बसायचं नाही, चटका बसतो ते वेगळंच.

आता दागिने. हे कोणी सांगत नाही. माझ्या कमरेला चांदीचा करदोटा होता, आईने घातलेला, काढायचं लक्षातच आलं नाही. तीन-चार मिनिटांत तो असा तापला की मी पोट आत ओढून दोन बोटांनी तो अंगापासून लांब धरून बसलो होतो आणि शेजारचे आजोबा अतिशय गंभीर चेहऱ्याने बघत होते. अंगठी, साखळी, मंगळसूत्र, धातूच्या फ्रेमचा चष्मा सगळं लॉकरमध्ये ठेवा. फोनही तिथेच, आत कॅमेरा काढणं म्हणजे भांडणालाच आमंत्रण.

वरच्या फळीवर आल्या आल्या चढू नका. गरम हवा वर जमते, खालची आणि वरची पायरी यांत चांगलाच फरक पडतो. खाली पाच मिनिटं बसा, मग एक पायरी वर. पाणी टाकायची हौस असेल तर आधी विचारा, "हेइतेतान्को लोयलूआ?" (पाणी टाकूया का?) एवढं म्हटलं तरी लोक खूश होतात. आणि एकच ओगराळं टाका, थांबा, अंदाज घ्या. आपण बंबात लाकडं कोंबल्यासारखं पाणी ओतत सुटलो तर वर बसलेल्यांचे कान भाजतात.

वाफ आली आणि नाक-कान चुरचुरले तर काय? मान खाली घाला, ओला टॉवेल तोंडासमोर धरून श्वास घ्या, आपण सर्दीत वाफारा घेताना वाकतो तसंच. तरी सहन नाही झालं तर सरळ बाहेर या, आणि दार पटकन लावा, उघडं राहिलं की सगळे वैतागतात. चक्कर येतेय, छातीत धडधडतंय वाटलं तर बाहेर येऊन बसायचं, पाणी प्यायचं, पुन्हा आत जायचं नाही. बीपी, हार्टचा त्रास किंवा प्रेग्नन्सी असेल तर डॉक्टरांना आधी विचाराच.

आणि प्लीज, कोण जास्त वेळ टिकतो ही स्पर्धा लावू नका. हेइनोला गावात १९९९ पासून याची खरंच जागतिक स्पर्धा व्हायची, ११० डिग्रीला. २०१० मध्ये फायनलमधला एक स्पर्धक दगावला आणि ती कायमची बंद झाली. आठ-दहा मिनिटं आत, मग बाहेर गार हवेत, परत आत, असे दोन-तीन फेरे पुष्कळ झाले. भरल्या पोटी जाऊ नका, बिअर प्यायचीच तर नंतर.

शेवटचा घोळ निघताना होतो. शॉवर घेतला, लगेच शर्ट चढवला, आणि पाच मिनिटांत तो परत ओलाचिंब, कारण अंग आतून तापलेलं असतं आणि घाम चालूच राहतो. बाहेर मायनस दहा असेल तर मग विचारूच नका. टॉवेल गुंडाळून वीसेक मिनिटं निवांत बसा. कालिओत लोक तसेच फुटपाथवर बसतात, खांद्यांवरून वाफा निघत असतात आणि येणारे-जाणारे बघतही नाहीत. ते नंतर सॉसेज खातात. आम्ही घरी येऊन कुकर लावतो, वरणभात, वर तूप, आणि साडेनऊला सगळे गाढ झोपलेले.