बातमी आली, आता कंपनीच्या साइटवर नक्की काय लिहायचं?

नवी मुंबईतल्या रबाळे-महापे पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांना मी साइटसाठी लेख लिहून देते. धंद्यातली मोठी बातमी आली की मालकाचा फोन ठरलेला, मॅडम आजच्या आज टाका काहीतरी. आजच टाकायचं हे बरोबरच आहे, पण बातमीच परत लिहून टाकू नका, ती तोपर्यंत ठाण्यापासून पनवेलपर्यंत सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेलेली असते. गिऱ्हाइकाला एवढंच हवं असतं की माझ्या पुढच्या ऑर्डरचं काय.

3 सप्टेंबर 2025 चंच घ्या. जीएसटी कौन्सिलची मीटिंग झाली, रात्री उशिरा जाहीर झालं की 12 आणि 28 टक्क्यांचे स्लॅब जाणार, 22 तारखेपासून बहुतेक माल 5 नाहीतर 18 मध्ये. आता पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्याने काय लिहायचं? "खोके 12 वरून 5 वर, स्वस्त झाले" एवढंच लिहिलं तर ते अर्धवट आहे, कारण त्याच यादीत खोके ज्याचे बनतात तो क्राफ्ट पेपर 12 वरून 18 वर गेला, म्हणजे कच्चा माल घेताना 18 भरा, विकताना 5 घ्या आणि मधले पैसे रिफंड येईपर्यंत अडकून. शिवाय जो गिऱ्हाईक रेग्युलर जीएसटीत आहे तो क्रेडिट घेतोच (खरेदीवर भरलेला कर स्वतःच्या विक्रीच्या करातून वजा करतो), त्याला 12 चे 5 झाल्याने कॉस्टिंगमध्ये फारसं काही होत नाही, खरा फायदा कंपोझिशनमधल्या (छोट्या धंद्यांसाठीची सोपी जीएसटी योजना) मिठाईवाल्याला, कारण त्याला क्रेडिट मिळत नाही. हे लिहा ना! हे पेपरवाला लिहिणार नाही, तुम्हीच लिहू शकता.

लिहायच्या आधी दोन कामं. पीआयबीची (केंद्र सरकारचं माहिती कार्यालय) प्रेसनोट आणि तिच्यासोबतची यादी स्वतः उघडून आपला एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीतला मालाचा नंबर, शोधा (खोक्यांचा 4819). मी एकदा फॉरवर्डमधला आकडा न तपासता टाकला, त्या रेटने एका पार्टीची पीओ (खरेदीची ऑर्डर) आली आणि मालकांना फोन करून माफी मागावी लागली, ते अजून मनाला लागून आहे. दुसरं, डिस्पॅच आणि अकाउंट्सवाल्यांशी दहा मिनिटं बोला, कारण फोन त्यांनाच येतात. तेव्हा सगळ्यात जास्त विचारलं जात होतं ते हे, माल 22 च्या आधी गेला आणि बिल नंतर फाडलं तर? सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याच्या कलम 14 प्रमाणे बिल आणि पेमेंट दोन्ही नंतरचं असेल तर नवा रेट. असं काही लिहिलंत तर सीएला एकदा वाचायला द्याच.

हेडिंगमध्ये ऐतिहासिक, क्रांतिकारी वगैरे नको, "22 सप्टेंबरपासून खोक्यांच्या बिलात काय बदलेल" एवढं पुरे. उत्तर पहिल्या दोन ओळींत, चारशे-पाचशे शब्दांत विषय संपवा.

आणि "जाहीर झालंय" आणि "लागू झालंय" यात गल्लत करू नका प्लीज. प्रेसनोट 3 ची, दरांची अधिसूचना निघाली 17 ला आणि दर लागू 22 पासून, तोपर्यंत लेखात जाहीर झालंय असंच हवं. अधिसूचना आली की तोच लेख उघडून वरती तारीख टाकून काय पक्कं झालं ते लिहा, जुनं चुकलं असेल तर तेही तिथेच सांगा, गुपचूप पुसू नका, लोकांनी स्क्रीनशॉट काढून आपापल्या पर्चेसवाल्याला पाठवलेले असतात.