'हाय हॉर्स' कुणाला म्हणायचं आणि कुणाला नाही

शहाद्यात मी बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. 'टू बी ऑन वन्स हाय हॉर्स' आलं की हुशार मुलंही 'घाईत असणे' लिहून मोकळी होतात, कारण आपल्याकडे घोड्यावर बसून येणारा माणूस घाईतलाच. इंग्रजीतल्या त्या स्वाराला मात्र कसलीच घाई नसते. तो वर निवांत बसून खालच्यांना शहाणपण शिकवत असतो.

सारंगखेड्याचा घोडेबाजार आठवा. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताच्या यात्रेत गिऱ्हाईक घोड्याचा रंग, चाल, खुणा पाहतं, तशी उंचीही पाहतं. मध्ययुगीन इंग्लंडमध्येही उंच घोडा सरदारांकडे असायचा, सामान्य माणूस पायी चालायचा. पुढे घोडा गेला आणि वाक्प्रचारात तोरा तेवढा राहिला.

नुसत्या पैशाच्या किंवा कपड्यांच्या मिजाशीला हा वाक्प्रचार लावू नका. 'मी तुमच्यापेक्षा शहाणा, तुमच्यापेक्षा चांगला' हा भाव हवा, आणि बहुतेक वेळा सोबत उपदेशही. मी वर्गात नेहमी एकच उदाहरण देते. पुण्याहून सुट्टीत आलेली नात आजीला अहिराणी बोलताना टोकते, 'शुद्ध बोल ना' म्हणते. तिच्याबद्दल लिहा: 'शी गेट्स ऑन हर हाय हॉर्स व्हेनेव्हर समवन स्पीक्स अहिराणी.' हे वाक्य पुन्हा समजावावं लागत नाही. माझ्या बहुतेक मुलांच्या घरात अहिराणी आहे आणि तो टोमणा त्यांनी ऐकलेला आहे. आपल्या आजीच्या बोलीला कमी लेखणाऱ्याला काय म्हणायचं, हे मुलांना इंग्रजीतही यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

क्रियापदं सोपी आहेत. चढताना 'गेट ऑन', बसलेला असेल तर 'बी ऑन', उतरवायचं असेल तर 'गेट ऑफ'. 'वन्स'च्या जागी माय, हिज, देअर घालायला विसरू नका, परीक्षेत तिथेच गुण जातात.

'गेट ऑफ युवर हाय हॉर्स' हे तोंडावर सुनावणं आहे. भावाला, मैत्रिणीला म्हणा. सरांना, साहेबांना, मुलाखतीत मुळीच नको. तिथे 'आय सी इट डिफरंटली' एवढंच पुरे. आणि कधी तुम्हालाच कुणाला सल्ला द्यायचा असेल, तर आधी 'आय डोन्ट वॉन्ट टू गेट ऑन माय हाय हॉर्स, बट' म्हणा आणि मग बोला. ऐकणारा कमी दुखावतो.