पास्कलमध्ये प्रोग्राम लिहिताय? या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या शिकवणीत पायथनच्या आधी थोडं पास्कल असतं. पालक विचारतात, एवढी जुनी भाषा कशाला? निक्लाउस विर्थ यांनी १९७० मध्ये ती मांडली, तीच मुळी विद्यार्थ्यांना शिस्तीत प्रोग्राम लिहिता यावेत म्हणून. बऱ्याच चुका कंपायलर (आपला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) तिथल्या तिथे पकडतो. डोकं खातात त्या उरलेल्या.

पहिला मान सेमीकोलनचा. सी भाषा शिकून आलेली पोरं प्रत्येक ओळीला तो ठोकतात. पास्कलमध्ये सेमीकोलन विधान संपवत नाही, दोन विधानांच्या मध्ये बसतो. एल्सच्या आधी दिलात की इफ तिथंच संपतं आणि एल्स पोरकं होतं. तिथं निदान कंपायलर ओरडतो तरी. 'व्हाइल'च्या 'डू'मागे चुकून पडला तर मात्र तो गप्प! लूप रिकामंच फिरत राहतं आणि पोरगं म्हणतं, "सर, कॉम्प्युटर खुळा झालाय."

'अँड'ने दोन तुलना जोडताना प्रत्येक तुलना कंसात घाला. पास्कल 'अँड' आधी सोडवतं, तुलना नंतर.

आता माझी आवडती चूक. मार्केट यार्डातल्या गुळाचा हिशेब करायचाय असं धरा: १,२०० रवे (गुळाच्या ढेपा), प्रत्येकी ३० किलो. टर्बो पास्कलमध्ये (डॉसवरचा जुना पास्कल कंपायलर) दोन्ही व्हेरिएबल इंटिजर (पूर्णांक) ठेवून गुणलंत की उत्तर येतं -२९,५३६ किलो. म्हणजे व्यापाऱ्यालाच गूळ देणं लागतो! इंटिजर तिथं १६ बिटांचा, ३२,७६७ च्या वर जातच नाही. हुशार मुलं उत्तराचं व्हेरिएबल लाँगइंट (३२ बिटांचा पूर्णांक) करतात, तरी आकडा तोच. कारण गुणाकार १६ बिटांतच होतो. तिथं मोडलेला आकडा मोठ्या डब्यात ओतून काय उपयोग? गुणल्या जाणाऱ्यांपैकी एक तरी लाँगइंट करा. टर्बो पास्कलच्या सातव्या आवृत्तीत ओव्हरफ्लो (आकडा मर्यादेबाहेर जाणं) तपासणीची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. फाइलच्या डोक्यावर महिरपी कंसात डॉलर, क्यू आणि अधिक चिन्ह लिहिलं की चालू होते.

प्रोसिजरमध्ये दोन किमतींची अदलाबदल केली, बाहेर काहीच बदललं नाही? पॅरामीटरच्या आधी 'व्हार' राहिलाय. आत गेली ती नुसती प्रत.

आणि कपाटातला जुना टर्बो पास्कलचा प्रोग्राम नव्या मशीनवर सुरू होताच 'रनटाइम एरर २००' (म्हणजे शून्याने भागाकार) देत असेल, तर आपल्या कोडमध्ये शून्याने भागाकार शोधत रात्र घालवू नका. मी घालवलीय. दोष 'क्रट' युनिटचा (स्क्रीन-कीबोर्ड सांभाळणारा तयार कोड) असतो. सुरुवातीलाच ते मशीनचा वेग मोजतं. प्रोसेसर फार वेगवान निघाला की त्या भागाकाराचं उत्तर १६ बिटांत मावत नाही. तोच प्रोग्राम फ्री पास्कल या मोफत कंपायलरमध्ये कंपाइल करून बघा.