ब्रश कटरच्या कार्बोरेटरला पेचकस लावण्याआधी

आयटीआय करून छोट्या इंजिनच्या कामात येणाऱ्या पोरांसाठी लिहितोय. सोलापुरात मी ज्या गॅरेजला लागलो तिथं मोटरसायकली कमी आणि फवारणी पंप, ब्रश कटर जास्त. पाऊस पडून बांधावर गवत वाढलं की सांगोल्याकडचे डाळिंबवाले, नान्नजकडचे द्राक्षवाले मशीन गाडीला बांधून येतात आणि सगळ्यांची तक्रार एकच, "कालपासनं उचलंनाच बघा."

माझ्या दुसऱ्या महिन्यात असंच एक मशीन आलं. मिस्त्री बाहेर गेलेले. मी कार्बोरेटरवरचा एच लिहिलेला स्क्रू, म्हणजे फुल रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा, आत घेतला, आवाज एकदम कडक झाला, मला वाटलं जमलं, दिलं मशीन. तिसऱ्या दिवशी परत आलं ते पिस्टन धरूनच, म्हणजे पिस्टन आत जाम होऊन. टाकीतला फिल्टर चोंदलेला होता, म्हणजे मुळात पेट्रोल कमी पडत होतं आणि मी ते अजून कमी केलं. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, त्यामुळं मिश्रण लीन झालं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं, की इंजिन तापतं आणि वर ऑइलही कमी मिळतं, दोन्ही मार एकदम बसतात. त्या काकांचं ऐन तणाच्या दिवसात मशीन बंद पडलं, बाया लावून खुरपायची पाळी आली, ते मला अजून लागतंय. म्हणून सांगतो, स्क्रूला हात शेवटी.

आधी एअर फिल्टर काढून बघा, आपल्याकडं धूळ एवढी आहे की निम्मी मशीनं तिथंच सुटतात. मग टाकीतला फिल्टर, प्लग, सायलेन्सरच्या तोंडाची जाळी, तिथं कार्बन बसला की मशीन गुदमरतं आणि आपण उगाच कार्बोरेटरला दोष देतो. पेट्रोल किती दिवसांचं आहे आणि ऑइल किती टाकलं ते विचाराच. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली, 40:1 म्हणजे 25 मिली, 25:1 म्हणजे 40 मिली, कंपनी सांगेल ते धरायचं, अंदाजानं झाकण ओतायचं नाही. फोर-स्ट्रोक मशीन असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचंच नाही, त्याचं ऑइल वेगळं इंजिनात असतं.

आता पंपावर ई20 पेट्रोल येतं, त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या मशीनचे रबरी पार्ट आणि डायफ्राम, म्हणजे कार्बोरेटरमधला पातळ पडदा, कडक पडू शकतात, शिवाय त्याच सेटिंगवर मिश्रण थोडं लीनकडं जातं. डायफ्राम बोटात धरून बघा, मऊ लवचिक पाहिजे. कागदासारखा कडकड वाजला तर स्क्रू दिवसभर फिरवला तरी काय फरक पडत नाही, किट बदला.

एवढं झाल्यावर पेचकस. काही मशीनला साधा बसत नाही, दातेरी किंवा डी आकाराचा लागतो, आणि काहींना एच स्क्रूच नसतो. आधीचं सेटिंग मोजून ठेवा, स्क्रू अलगद टेकेपर्यंत किती फेरे आत गेला ते वहीत लिहायचं, जोरात आवळला तर सुईचं टोक आणि तिची बैठक दोन्ही खराब होतात. आत म्हणजे लीन, बाहेर म्हणजे रिच, पेट्रोल जास्त. सुरुवात साधारण एक ते दीड फेरा बाहेर, पण मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच खरा.

मशीन चार-पाच मिनिटं चालवून गरम करा, थंड इंजिनवर केलेलं सेटिंग टिकत नाही. गवत कापायची दोरी गार्डच्या पात्यापर्यंत पूर्ण लांबीची पाहिजे, आखूड असली तर लोड कमी पडून आरपीएम फसवे दिसतात. गॉगल, बूट घाला, माणसं लांब ठेवा. पहिला एल, म्हणजे कमी रेसचा स्क्रू: हळूहळू आत घ्या, इंजिन मंदावतं, मग बाहेर, परत एका जागी मंदावतं, मधे जिथं सगळ्यात जास्त पळतं तिथून थोडं बाहेर, फेऱ्याचा आठवा भाग म्हणा. झटक्यात रेस द्या, गुदमरलं तर अजून किंचित बाहेर. मग आयडल स्क्रू, इंजिन बंद पडू नये पण खालचं दोरीचं डोकं फिरायला नको. ट्रिगर सोडल्यावरही डोकं फिरत असेल तर असं मशीन गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, त्याचा पाय जाईल.

एचला मात्र कान लागतो, मला यायला एक सीझन गेला. फुल रेसवर काही सेकंदच ठेवायचं. स्क्रू बाहेर घेतला की आवाज जाडा, फाटका, भरभरल्यासारखा येतो, आत घेत गेलं की साफ होतो, आणि अजून आत घेतला की किंचाळतो. तो किंचाळणारा आवाज नव्या पोराला फार आवडतो, पॉवर वाटते, पण तिथंच पिस्टन धरतो. आवाज साफ होतोय न होतोय तिथून थोडा परत बाहेर, रिकामं पळताना किंचित फाटका आणि गवतात घातल्यावर साफ, असं पाहिजे. आरपीएम मोजायचा टॅकोमीटर असेल तर कंपनीच्या कमाल आरपीएमच्या वर जाऊ नका. नंतर प्लग काढून बघा: चहाच्या रंगाचा चांगला, पांढरा लीन, काळा ओला रिच.

एवढं करूनही आयडल वर-खाली होत असेल, ट्रिगर सोडल्यावर रेस उशिरा उतरत असेल तर कुठंतरी हवा ओढतंय, पॅकिंग किंवा क्रँकचं सील बघा.

आणि आपल्याकडची एक गोष्ट. मे महिन्यात 42 डिग्रीला सेट केलेलं मशीन डिसेंबरच्या सकाळी तसंच चालणार नाही, थंड हवा दाट असते, तेवढ्याच पेट्रोलला हवा जास्त मिळते म्हणजे लीन. आमचे मिस्त्री उन्हाळ्यात एच थोडा मोकळाच ठेवतात, आणि दिवाळीनंतर येणाऱ्या प्रत्येक मशीनचा प्लग आधी काढून बघतात.